मोजणीची वही आणि माळ्यांची वही एकत्र ठेवा : उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
उद्यान अधीक्षक व उद्यान निरीक्षक,
राज्यातील महापालिका आणि नगरपरिषदांचे उद्यान विभाग

विषय : सार्वजनिक बागांतील परागवाहक कीटकांच्या मोजणीला विभागाची साथ मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

बागेत कीटकमोजणीची परवानगी मागताना अर्जात ‘यासाठी विभागाला कोणताही खर्च वा त्रास होणार नाही’ असे एक वाक्य हमखास असते. खर्च होत नाही हे खरे. पण विभागाने काहीच केले नाही, तर मोजणीतून हाती आलेला आकडा मुका राहतो. म्हणून हे पत्र.

समजा, तुळशीच्या एका वाफ्यावर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटांत अठरा कीटक आले आणि दुसऱ्या पंधरवड्यात चार. का कमी झाले? आभाळ आले होते? मंजिऱ्या सुकत आल्या होत्या? की आदल्या संध्याकाळी शेजारच्या गुलाबांवर मावा मारायचे औषध पडले होते? पहिल्या दोन गोष्टी आमच्या वहीत सापडतात. तिसरी फक्त माळीकाकांना ठाऊक असते आणि बहुतेक बागांत ती कुठेच लिहिलेली नसते. आमची मुख्य मागणी तेवढीच आहे: बागेतली कापणी, छाटणी, फवारणी आणि धूरफवारणी तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि ती वही आम्हाला बघू द्या.

मोजणी कशी होते हे आपल्या कर्मचाऱ्यांनाही माहीत असावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून देशभर वापरात असलेली ‘फिट काउंट’ ही पद्धत आपल्याकडे थोड्या फेरफाराने चालते. आतून ५० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद चौकट, तिच्यात एकाच जातीची फुले, दहा मिनिटांचा वेळ, आणि त्या वेळात त्या फुलांवर येऊन बसलेला प्रत्येक कीटक. चौकट अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची केली की दहा फुटी एका पाइपात भागते. चार तुकडे, चार एल्बो (कोपऱ्याचे जोड). एल्बोला सोल्युशन (चिकटद्रव्य) लावू नये. एक बाजू सुटी राहिली की झुडपाला मधोमध घेता येते आणि काम झाल्यावर चौकट पिशवीत जाते.

दोघांनी मिळून मोजावे. एकाची नजर फुलांवरून हलू नये, दुसऱ्याने लिहावे. मोजणीआधी चौकटीतली फुले मोजून घ्यावीत, कारण वीस फुलांवर आलेले पाच कीटक आणि दोनशे फुलांवर आलेले पाच यांत फार अंतर आहे. एकदांडीचे एक बोंड म्हणजे एक फूल धरावे, तुळशीची एक मंजिरी म्हणजे एक. एक माशी चौकटीतल्या सात फुलांवर फिरली तरी ती एकच. बाहेर जाऊन परत आली तर ती पुन्हा मोजावी, कारण तीच माशी आहे हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. सावली फुलांवर पडणार नाही असे उभे राहावे. सोबत तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा किती, हे लिहावे. बारीक फांद्या सतत हलत असतील तर त्या दिवशी मोजू नये.

ब्रिटनच्या पद्धतीत तापमान किमान १३ अंश हवे, ढगाळ असेल तर १५, अशी अट आहे. आपल्याकडे प्रश्न उलटा येतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात किंवा खानदेशात साडेनऊनंतर मोजायला उभे राहिले तर कीटक सावलीला गेलेले असतात आणि वही रिकामी राहते. उन्हाळ्यात साडेसात ते नऊ आणि हिवाळ्यात दहा ते बारा ही वेळ साधारणपणे बरी. फुलांचेही वेळापत्रक असते. चिनी गुलाब ऊन चढल्यावर उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. त्याच्यापुढे सकाळी आठला उभे राहून शून्य लिहिणे म्हणजे दुकान उघडायच्या आत गिऱ्हाईक मोजणे.

एका बागेत पाच ठरलेल्या जागा, दर पंधरा दिवसांनी एक फेरी, म्हणजे वर्षाला १२० मोजण्या. सगळे मिळून वीस तासांचे निरीक्षण होते. एवढ्यात बागेचा कल दिसू लागतो. याहून कमी असेल तर निष्कर्ष काढायची घाई नको. तेच ऊन, तेच फूल असूनही अर्ध्या तासात आकडा तिप्पट होतो किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो, त्यामुळे एकट्या मोजणीला अर्थ नसतो. ‘आमच्या बागेत एका सकाळी इतके हजार कीटक’ असली बातमी विभागाने देऊ नये, आम्हीही देणार नाही. तो आकडा कोणत्या फुलांवर, किती लोकांनी, किती वेळ मोजला हे सांगितल्याशिवाय त्याची तुलना कशाशीच होत नाही.

मोजणी बिघडते ती बहुतेक वेळा चार-दोन ठरलेल्या कारणांनी. नवा माणूस जिथे माश्या घोंघावताना दिसतात तिथे चौकट ठेवतो आणि बाग आहे त्यापेक्षा समृद्ध दिसते; म्हणून जागा आधी ठरवून तिथे खूण हवी. मोकळ्या हाताने परतलेला माणूस शून्य लिहायला बिचकतो आणि पान कोरे सोडतो. कोरे पान म्हणजे मोजणी झाली नाही, शून्य म्हणजे झाली आणि कुणी आले नाही. या दोहोंची गल्लत झाली की पावसाळ्यातले सगळे आकडे बाद होतात. पावसाने फेरी हुकली तर ‘पाऊस, मोजणी नाही’ असे लिहावे आणि पुढच्या वेळी दुप्पट मोजून भरपाई करू नये. सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे सराव. नव्या स्वयंसेवकाला पहिल्या महिन्यात बारीक कीटक दिसतच नाहीत, तिसऱ्या महिन्यात दिसू लागतात, आणि आलेखात बाग सुधारल्यासारखी वाटते. म्हणून नव्याने आलेल्याच्या पहिल्या चार फेऱ्या जुन्या माणसाबरोबर व्हाव्यात आणि त्या हिशोबात धरू नयेत.

ओळखीचा आग्रह जपून धरावा. चौकटीत आलेल्या कीटकाची शास्त्रीय जात ठरवायची गरज नाही, गट पुरतो: मधमाश्या, भुंगे, एकट्या राहणाऱ्या (पोळे न करणाऱ्या) माश्या, गांधीलमाश्या, होव्हरफ्लाय (मधमाशीसारखी दिसणारी एक माशी), इतर माश्या, फुलपाखरे आणि पतंग, भुंगेरे, मुंग्या, आणि ‘ओळख पटली नाही’ असा एक मोकळा रकाना. मधमाश्यांत आग्या मोठी आणि धुरकट पंखांची, सातेरी मध्यम व पट्टेदार, फुलोरी या तिघींत सर्वांत लहान आणि पोटाचा पुढचा भाग तांबूस, एवढा फरक थोड्या सरावाने जमतो. तीन-चार मिलिमीटरची, डंख नसलेली काळी मधमाशी मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ती चिलटासारखी दिसते. सर्वाधिक चुका होव्हरफ्लायबाबत होतात. तिचे पिवळे-काळे पट्टे बघून लोक मधमाशी लिहून मोकळे होतात. पंखांची जोडी एकच, डोळे डोकेभर, मिशा अगदी आखूड, मागच्या पायांवर परागाची गोळी नाही आणि हवेत एका जागी थबकून राहायची सवय, एवढे पाहिले की चूक होत नाही. हिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. म्हणजे ती गुलाबावर दिसली तर माळ्यांचे अर्धे काम तीच करते आहे.

फुलावर एखादी मधमाशी हालचाल न करता लोंबकळताना दिसली तर जवळ जाऊन पाहावे. पाकळीच्या रंगाचाच खेकड्यासारखा कोळी तिला धरून बसलेला असतो. ती मोजणीत घ्यावी, शेरा मारावा आणि कोळ्याला तसेच राहू द्यावे.

कीटक पकडायचे नाहीत. रंगीत वाडग्यांत साबणाचे पाणी ठेवून कीटक गोळा करायची पद्धत संशोधनात चालते, पण तिच्यात कीटक मरतात. सार्वजनिक बागेत स्वयंसेवकांनी ती वापरू नये आणि विभागाने तशी परवानगी देऊ नये. जाळीही नको. काही फुलपाखरे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूचीत आहेत. फुलपाखरांसाठी ठरलेल्या पायवाटेने सावकाश चालत, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या टप्प्यात दिसलेली फुलपाखरे लिहिणे पुरते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्यासाठी सर्वांत भरलेला काळ.

आता आपल्या बाजूच्या कामांविषयी.

लॉनमध्ये उगवणारी एकदांडी ब्रश कटरखाली जाते, कारण ती तण आहे. लहान फुलपाखरे आणि एकट्या माश्या यांच्यासाठी मात्र लॉनवरचे जेवण बहुतेक तेवढेच असते. सगळे लॉन वाढू द्या असे आमचे म्हणणे नाही. मुले खेळतात, लोक बसतात, तिथे ते कापलेलेच हवे. कुंपणालगत दोन मीटर रुंदीची पट्टी सोडावी आणि तीही एकदम न कापता अर्धी एका महिन्यात, अर्धी पुढच्या महिन्यात कापावी, म्हणजे कधीच सगळी फुले एकाच दिवशी जात नाहीत. तिथे ‘ही पट्टी मुद्दाम राखली आहे’ अशी पाटी लावावी. पाटी नसेल तर ‘बाग अस्वच्छ आहे’ अशी तक्रार येते, तक्रारीमुळे वरून फोन येतो आणि पट्टी एका दुपारी साफ होते. माळ्यांचा त्यात दोष नसतो.

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांच्या कडेला नाण्याने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसतात. ते बघून औषध मारले जाते. हे काम पानकापी माशीचे आहे. ती पान खात नाही. तुकडा नेऊन पोकळ काडीत किंवा भोकात पिल्लांसाठी कप्पे करते. अळीने खाल्लेले पान ओबडधोबड कुरतडलेले असते, शेजारी काळी विष्ठा पडलेली असते. पानकापीचा काप स्वच्छ आणि कमानदार असतो. तिला झाडापासून धोका नाही आणि झाडाला तिच्यापासून नाही. ती पराग पायांवर न घेता पोटाखाली घेते, त्यामुळे पिवळ्या पोटाची माशी फुलावर दिसली की ओळख पटते. ही एक गोष्ट सगळ्या माळ्यांना दाखवून दिली तरी गुलाबांवरच्या कितीतरी फवारण्या वाचतील.

फवारणी लागतेच तेव्हा ती कधी आणि कशाची, हे महत्त्वाचे. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल हे कीटकनाशक मुळांतून आणि पानांतून झाडात भिनते, मधात आणि परागात उतरते, आणि फूल पुढे उमलले तरी त्यात असते. युरोपीय संघाने उघड्यावरच्या पिकांत त्याचा वापर २०१८ मध्ये बंद केला. बागेतल्या शोभेच्या, फुलणाऱ्या झाडांवर ते वापरायचे काहीच कारण नाही. माव्यासाठी आधी पाण्याचा जोरदार फवारा द्यावा. भागले नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क घ्यावा: पाच किलो निंबोळी पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर करायची आणि सूर्य मावळल्यावर, मधमाश्या घरी गेल्यानंतर मारायची. उघड्या फुलांवर निंबोळीही नको. पंपात काय भरले, किती पंप झाले, कोणत्या वाफ्यावर, किती वाजता, एवढे चार शब्द वहीत आले की पुढच्या मोजणीतला खड्डा समजतो.

डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य विभागाची धूरफवारणी बागेत येते. त्यात वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधे डासांइतकीच मधमाश्यांनाही मारतात. डासांचा प्रश्न खरा आहे आणि धूरफवारणी थांबवा असे आम्ही म्हणत नाही. ती पहाटे न होता सूर्यास्तानंतर व्हावी, फुलांच्या वाफ्यांवर नळी थेट रोखू नये आणि तारीख उद्यान विभागाला आधी कळावी. दोन विभागांमध्ये एक फोन झाला तरी पुरे. मोजणीच्या आदल्या तीन दिवसांत धूर झाला असेल तर ती फेरी आम्ही पुढे ढकलू, किंवा मुद्दाम तीच करून परिणाम नोंदवू. पण कळले पाहिजे.

एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जाती जमिनीत बीळ करतात. निळ्या पट्ट्यांची माशी, जी तुळशीवर सुईसारखी इकडून तिकडे जाते, तिलाही उघडी माती किंवा मातीची भिंत लागते. पायवाटेपासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसले की तिला जागा उरत नाही, मग फुले कितीही लावा. उन्हात असलेली, पाणी न साचणारी, एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब उघडी माती न खणता ठेवली तर तिथे बारीक छिद्रे आणि त्यांच्याभोवती मातीची भुकटी दिसू लागते. खुरपणीला बसणाऱ्या मावशींना ही छिद्रे आमच्याआधी दिसतात. त्यांना विचारायची सवय स्वयंसेवकांनी लावून घ्यावी आणि विभागाने अशा जागांना खूण करावी. काळ्या भुंग्याला बांबू आणि वाळलेले लाकूड हवे; मांडवाचा जुना बांबू बदलायचा झाल्यास एक-दोन बांबू कोपऱ्यात राहू द्यावेत. वांगी-टोमॅटोच्या फुलांतला पराग टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो आणि त्यासाठी पंखांचे स्नायू थरथरवून फूल हलवावे लागते. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी हे करतात, मधमाशीला जमत नाही. बागेशेजारच्या गच्च्यांवर आणि परसांत भाज्या लावणाऱ्यांचा यात थेट फायदा आहे.

आग्या मोहोळाबाबत विभागाची काळजी रास्त आहे. वर्दळीच्या जागी, खेळण्यांच्या वर पोळे असेल तर ते प्रशिक्षित माणसाकडून हलवावे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, तिथे विचारणा करता येते. उंच झाडावर, वाटेपासून दूर असलेले पोळे मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून मारू नये. ही पोळी हंगामी असतात, काही महिन्यांनी माश्या स्वतःहून निघून जातात. तोवर खाली दोरी बांधावी, पाटी लावावी, जवळ कचरा पेटवू नये. आमच्या बाजूने नियम असा, की पोळ्यापासून लांबच्याच जागा मोजणीला घ्यायच्या आणि उग्र अत्तर लावून यायचे नाही.

लागवडीबद्दल थोडेच. भरगच्च पाकळ्यांचे हायब्रिड झेंडू आणि पेटुनिया यांच्या सीझनल वाफ्यांवर चौकट ठेवली की दहा मिनिटांत बहुधा फारसे काही येत नाही. पाकळ्यांच्या गर्दीत पराग कमी आणि मधापर्यंत वाट नाही. एकेरी पाकळ्यांचा कॉसमॉस, तुळस, बडीशेप, आइसक्रीम क्रीपर यांना पाणीही कमी लागते आणि पाहुणे जास्त येतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडताना अर्ध्या राखाव्यात. फुलपाखरांना मधाइतकीच अळीच्या खाण्याची झाडे लागतात: कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, आणि तण म्हणून उपटली जाणारी रुई. अळ्यांनी खाल्लेला कढीपत्ता हे त्या झाडाचे अपयश मानून औषध मारू नये. ज्या राज्याने २०१५ मध्ये देशात पहिल्यांदा राज्य फुलपाखरू जाहीर केले, त्याच्या बागांत एवढी सोय असावी.

हा सगळा मजकूर शेवटी कुठे जाणार, हेही ठरलेले हवे. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. बागांमधली मोजणी वर्षातून एकदा त्या नोंदवहीत जावी. छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात, ओळख तपासून मिळते. पण शून्यांसकट सगळे आकडे साध्या तक्त्यात, बागेच्या कार्यालयात, कागदावरही असावेत. माणसे बदलतात, अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, फोन हरवतात.

विभागाकडून आम्हाला हवे ते असे. प्रत्येक बागेत कामाची एक वही, तिचे रकाने पाच: तारीख व वेळ, जागा, काम, औषध व प्रमाण, सही. प्रत्येक बागेत एक राखलेली पट्टी आणि एक उघड्या मातीचा तुकडा. धूरफवारणीची आगाऊ सूचना. आणि ज्या माळ्यांना व मावशींना मोजणीत यायची इच्छा आहे त्यांना कामाच्या वेळेत पंधरा दिवसांतून एक तास मोकळा, पगार न कापता. बागेतली कोणती वेल कधी फुलते आणि कोणत्या भिंतीत काय राहते हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही, आणि मोजणीच्या पानावर त्यांचे नाव आमच्या नावाच्या वर यावे.

आमच्याकडून दर तीन महिन्यांनी बागनिहाय एक पान आपल्याला मिळेल: एका बाजूला कीटकांचे आकडे, दुसऱ्या बाजूला त्याच तारखांची आपल्या वहीतली कामे. पावसाळा संपता संपता पहिली फेरी सुरू करायची असेल, तर वह्या ऑगस्टअखेर बागांत पोहोचायला हव्यात. रकान्यांचा नमुना, चौकट करायची पद्धत आणि गट ओळखायचा तक्ता आम्ही मागाल त्या दिवशी आणून देऊ. माळ्यांसाठी दोन तासांचे प्रात्यक्षिक बागेतच, कोणतेही मानधन न घेता करू.

कळावे,

सार्वजनिक बागांत परागवाहक कीटकांची मोजणी करणारे स्वयंसेवक